सात थरांची मुलगी

नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागून एक गल्ली नदीकडे उतरते. तिच्या डाव्या हाताला नऊ घरांची दगडी ओळ आहे. प्रत्येक घरात खाली दुकान आणि वर माडी, पण दर्शनी भिंत नऊ जणांची मिळून एकच. काळा पाषाण, चुन्यात बसवलेला, इतका घडीव की सांध्यात चाकूचे पाते जात नाही. बांधणाऱ्याने गल्लीच्या उताराकडे मुळीच लक्ष दिले नव्हते, किंवा फारच दिले होते. गल्ली उतरते, पण भिंतीची एकही रेघ उतरत नाही. दगडांचे थर या टोकापासून त्या टोकापर्यंत भांड्यातल्या पाण्यासारखे सपाट. नऊही दारांवरून एकच दगडी गणेशपट्टी जाते. प्रत्येक दारावर तिच्यात एक छोटा गणपती कोरलेला आहे, आणि नऊही गणपती एका पातळीत बसलेले आहेत.

याचा परिणाम असा, की वरच्या टोकाच्या पहिल्या घराचे दार पाच फूट चार इंच उंच आहे आणि खालच्या टोकाच्या नवव्या घराचे जवळजवळ आठ फूट. पहिल्या घरात बरेच लोक गणपतीला डोके आपटूनच आत येतात. नवव्या घरात गणपतीला हार घालायला शिडी लावावी लागते.

नवव्या घरात सावळीरामचे सायकलचे दुकान होते. वरच्या तुळईला आकडे लावून तो सायकली टांगत असे आणि त्यांच्या चाकांखालून गिऱ्हाइके आरामात फिरत. पहिल्या घरात कुसाबाई बोराडे यांचे बैलांच्या साजाचे दुकान होते. दावे, कासरे, घुंगरमाळा, लोकरीचे गोंडे. हा माल छताला टांगायचा असतो, त्यामुळे आधीच बुटके असलेले ते दुकान आणखी हातभर बुटके झाले होते. पाचव्या घरात, म्हणजे ओळीच्या मधोमध, गोटीरामचे चहाचे हॉटेल होते. तिथे दार बेताचे होते आणि चहाही.

ओळीतल्या माणसांना उंची फुटांत सांगायची सवय नव्हती. दर दसऱ्याला घरोघरची मुले आपापल्या दाराच्या कडेला भिंतीला पाठ लावून उभी राहत आणि घरातले मोठे माणूस गेरूने दगडावर खूण करी. "यंदा पाच थर पुरे केलेस," असे म्हणून मुलाच्या हातावर जास्तीचा पेढा पडे. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरला ओळीतल्या एका मुलाने आपली उंची साडेपाच थर सांगितली, असे गोटीराम प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत असे.

हे माप घरातल्या घरात चाले. एका घराचे माप दुसऱ्या घराशी कुणी ताडून पाहिले नव्हते. सावळीराम सात थरांचा आणि कुसाबाईंचा धाकटा मुलगा जयराम आठ थरांना बोटभर कमी, हे सगळ्यांना ठाऊक होते. सावळीराम जयरामपेक्षा डोकेभर उंच आहे, हेही सगळ्यांना रोज दिसत होते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे १९७८च्या मार्चपर्यंत कुणाला वाटले नाही.

त्या मार्चमध्ये कुसाबाई जयरामसाठी मुलगी शोधत होत्या. त्यांची अट एकच होती आणि ती थोरल्या सुनेमुळे आली होती. थोरला धोंडीराम आणि त्याची बायको मालती तीन वर्षे याच घरात राहिली. मालती अंगाने उंच. तीन वर्षांत तिचे डोके या घरात कुठे कुठे आपटले याची गणती नव्हती. शेवटी एके दिवशी, "ज्या घरात बाईमाणसाला सरळ उभं राहता येत नाही तिथं मी राहायची नाही," असे म्हणून ती नवऱ्याला घेऊन नाशिकरोडला भाड्याच्या खोल्यांत गेली. धोंडीराम दर रविवारी आईला भेटायला येई. मालती येत नसे.

"या दगडानं माझा एक पोरगा नेला," कुसाबाई म्हणत. "आता दुसऱ्याच्या वक्ताला मी चुकायची नाय. पोरगी काळी असू दे, गोरी असू दे, देणंघेणं काय बी नको. पण माझ्या दारातनं नीट जाणारी पाहिजे."

हे ऐकून सावळीरामची बायको वत्सलाबाई एका दुपारी वर आल्या आणि कुसाबाईंच्या ओट्यावर बसल्या.

"माझ्या भावाची पोरगी हाय, कुसावहिनी. शशिकला. भाऊ मनमाडला रेल्वेत गार्ड हाय. पोरगी मॅट्रिक झालीय, हाताला चव हाय."

"किती थराची?"

"सात. बोटभर कमीच, पण जास्ती नाय. दिवाळीला आली होती तवा मीच खूण केली."

कुसाबाई स्वतः सात थरांच्या होत्या. म्हणजे मुलगी माझ्याएवढीच, असे त्यांनी मनात म्हटले. मोठ्याने म्हटले असते तर वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले असते आणि चूक तिथेच संपली असती. पण त्या मोठ्याने एवढेच म्हणाल्या, "माझं दार आठ थराचं. म्हंजे वर एक थर शिल्लक राहतो."

"बक्कळ," वत्सलाबाई म्हणाल्या.

मुलगी पाहायला जयराम आणि त्याचा मामा मनमाडला गेले. कुसाबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या गेल्या नाहीत. रेल्वेचे क्वार्टर जुने, उंच छताचे, दारेही त्याच मापाची. मामा आल्यापासून जे बसले ते पोहे संपेपर्यंत बसूनच होते, आणि बसलेल्या माणसाला सगळेच उंच दिसतात. जयरामला मात्र निघताना शशिकलाने दारात पाण्याचा तांब्या दिला. तांब्या घेताना त्याला मान वर करावी लागली. ती त्याच्याकडे पाहून हसली, आणि आपल्याला हीच पाहिजे हे त्याने तांब्या रिकामा व्हायच्या आत ठरवले.

घरी आल्यावर आईने विचारले, "कशी हाय?"

"चांगली आहे."

"उंचीला?"

"ते वत्सलाकाकूंनी सांगितलंय ना तुला," जयराम म्हणाला आणि एक घुंगरमाळ उगाच पुसू लागला.

होकार गेला. वैशाखातला मुहूर्त धरला. लग्नाचा बस्ता नाशिकलाच घ्यायचा ठरले आणि त्यासाठी शशिकला दोन दिवस आत्याकडे राहायला आली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ती कुसाबाईंकडे येणार होती. कुसाबाई नारळ, तांदूळ, खण घेऊन ओट्यावर उभ्या राहिल्या. शेजारी जयराम उभा होता. सकाळपासून त्याने काही खाल्ले नव्हते.

खाली, नवव्या घराच्या दारात, शशिकला दिसली. आठ फुटी दाराच्या चौकटीत ती एखाद्या बाहुलीसारखी दिसत होती.

"किती नाजूक हाय रं," कुसाबाई खूश होऊन म्हणाल्या. "ठेंगणीठुसकी."

जयरामने वरच्या गणेशपट्टीकडे पाहिले.

शशिकला आत्याबरोबर गल्ली चढू लागली. आठवे दार गेले, सातवे गेले. दार मागे टाकावे तशी गणेशपट्टी तिच्या डोक्याजवळ येत होती. पट्टी जागची हलत नव्हती. रस्ता तिला उचलत होता. पाचव्या घराच्या ओट्यावर गोटीराम किटली घेऊन उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिले, पट्टीकडे पाहिले, पुन्हा तिच्याकडे पाहिले.

"काय हो वत्सलाबाई," तो म्हणाला, "पोरगी चढतेय का वाढतेय?"

तिसऱ्या दाराशी कुसाबाईंचे हसू कमी झाले. दुसऱ्या दाराशी ते गेले. शशिकला पहिल्या घराच्या ओट्यावर येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या कपाळाची टिकली आणि गणपतीचे पाय एका रेषेत होते.

ती खाली वाकून कुसाबाईंच्या पाया पडली. वाकलेली असतानाच काय ती दोघींची उंची सारखी झाली.

कुसाबाई रीत मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ओटी भरली, पेढा दिला, बापाची खुशाली विचारली. पण घरात चल असे म्हणाल्या नाहीत. ओट्यावरूनच मुलीची बोळवण केली. मग पदर खोचला, दुकानातला एक कासरा उचलला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तरातरा खाली निघाल्या. मागून जयराम, त्याच्यामागून किटलीसकट गोटीराम.

"वत्सला, भाईर ये!"

"काय झालं, वहिनी?"

"सात थर म्हनलीस ना? ही सात थर? लगीन जमवायला खोटं बोललीस माझ्याशी!"

"मी खोटं? देवाशप्पथ!" वत्सलाबाईंनी त्यांचा हात धरून दाराच्या कडेला नेले. "ही बघा खूण. मोजा. जमिनीपासनं मोजा."

कुसाबाईंनी बोट लावून मोजले. एक, दोन, तीन. गेरूची खूण बरोबर सातव्या थराच्या वरच्या सांध्याला बोटभर कमी होती. त्यांनी पुन्हा मोजले. मग त्या स्वतः भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"लाव गं हात माझ्या डोक्याला. मी सात हाय का नाय बघ."

वत्सलाबाईंनी हात लावला आणि मोजले. "सव्वापाच."

"काय?"

"सव्वापाच, वहिनी."

"अगं चाळीस वरीस मी सात हाय!"

"तिकडं असाल. हिकडं सव्वापाच."

एव्हाना ओळीतले निम्मे लोक जमले होते. सावळीराम दुकानातून बाहेर आला तेव्हा त्याला वर नेऊन कुसाबाईंच्या भिंतीला उभे करण्यात आले. तो पावणेनऊ भरला. हे ऐकून त्याची छाती जरा फुगली. मग त्याच्या लक्षात आले, की आपण पहाटे होतो तेवढेच आहोत.

शेवटी कासरा ताणून मापे घेतली गेली, तेव्हा उलगडा झाला. ओळीचे वरचे सगळे थर आठ-आठ इंचांचे आहेत. पण अगदी तळाशी दोन थर असे आहेत, की त्यांची जाडी प्रत्येकी सव्वा फूट. सगळ्या भिंतीचे ओझे त्यांच्यावर. नवव्या घराशी हे दोन्ही थर उघडे आहेत. गल्ली चढते तसे ते जमिनीत जातात. गोटीरामच्या दाराशी एकच उरतो आणि पहिल्या घराशी एकही नाही. नवव्या घरातले माणूस मोजायला लागले की पहिल्या दोन आकड्यांतच अडीच फूट खाऊन टाकते. एकाच भिंतीवर, एकाच गेरूने, सगळी ओळ पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे माप मोजत होती.

"म्हणजे पोरगी पावणेसहा फूट," गोटीरामने हिशेब केला. "आणि दार पाच फूट चार इंच. पाच इंच जास्त."

"तू चहा बघ," कुसाबाई म्हणाल्या.

वत्सलाबाई खोटे बोलल्या नव्हत्या, हे कुसाबाईंनी सगळ्यांसमोर कबूल केले. पण मुलगी दारात मावत नाही हे तेवढ्याने बदलत नव्हते. घरी आल्यावर त्या जयरामला म्हणाल्या, "पत्रिका छापल्या नाय अजून. चूक कुणाचीच नाय. मनमाडला तसं नीट सांगू."

"आई, मला ठाऊक होतं."

"काय ठाव होतं?"

"तिची उंची. मनमाडलाच पाहिली मी."

"मंग बोलला नायस?"

"बोललो असतो तर तू तेव्हाच नाही म्हणाली असतीस."

कुसाबाईंनी हातातला कासरा खुंटीला अडकवला. मग म्हणाल्या, "म्हंजे आता तू बी नाशिकरोडला जानार."

"मला कुठं जायचं नाही. दुकान सोडायचं नाही, तुलाही सोडायचं नाही. पण तिला नाही म्हणायचं नाही."

"तिन्ही गोष्टी कशा व्हतील रं? दगड का तुझं ऐकनार हाय?"

हा प्रश्न खराच दगडाला विचारून पाहावा म्हणून जयरामने त्याच संध्याकाळी पुंजा गवंड्याला बोलावून आणले. पुंजाने पट्टीवर हातोडीच्या दांड्याने ठकठक केली, जमीन पाहिली, आणि मान हलवली. पट्टीचे दगड एका दारावरून दुसऱ्या दारावर गेलेले होते. "ह्याला तुम्ही उचलला तर शेजारचा बसंल. मंग त्याच्या शेजारचा. आठ घरं तुमच्या नावानं बोंबलतील," तो म्हणाला. जमीन खोल करता आली असती, पण रस्ता आधीच उंबऱ्याला टेकलेला. जमीन खाली गेली की पावसाळ्यात गल्लीचे पाणी चुलीपर्यंत येणार. चहा पिऊन पुंजा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकला एकटीच वर आली. आत्याच्या घरात काही लपून राहत नव्हते, आठ फुटी दारातून सगळे ऐकू येत होते.

"मावशी, काल ओट्यावरूनच पाठवलंत," ती म्हणाली. "मला घर दाखवा की."

दारात आलेल्याला घर दाखवणार नाही असे म्हणता येत नाही. कुसाबाई म्हणाल्या, "ये."

"कुठं कुठं लागतं?"

"काय लागतं?"

"डोक्याला."

"कुठं बी नाय लागत," कुसाबाई एकदम म्हणाल्या. हे उत्तर त्या घराच्या तोंडात बसलेले होते.

जयराम पुढे झाला. त्याने आधी गणेशपट्टी दाखवली. शशिकला वाकून आत आली. मग टांगलेल्या घुंगरमाळा. ती त्यांच्याखालून गेली, एकही घुंगरू वाजले नाही. मग जिन्याच्या तोंडाची झडप. ती वर गेली आणि खाली आली. कुसाबाई तिच्या डोक्याकडे पाहत पाहत मागून चालत होत्या. तिसऱ्या जागेनंतर आपण श्वास रोखून धरतो आहोत आणि पोरीला लागू नये असे आपल्याला वाटते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

"स्वयंपाकघर?" शशिकलाने विचारले आणि ती आत वळली.

तिथली तुळई धुराने भिंतीइतकीच काळी झाली होती. जयरामचे डोके तिच्याखालून सहज जात असे, त्यामुळे ती आहे हे तो कधीच विसरला होता. ठक्क असा आवाज झाला. शशिकला डोके धरून मटकन चुलीपाशी बसली.

आणि कुसाबाईंना हसू आले. त्यांना हसायचे नव्हते. पण त्या घरात कुणाला लागले की बाकीच्यांनी हसायचे, "पोचलं गणपतीला" असे म्हणायचे, ही रीतच होती. त्यांचे यजमान कोंडाजी आयुष्यभर कपाळाला टेंगूळ घेऊन हिंडले आणि स्वतःही हसत राहिले. कुसाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू तोवर बाहेर पडले होते.

शशिकलाच्या डोळ्यांत पाणी आले होते. ती वर पाहून म्हणाली, "ही नाही सांगितलीत."

"मी विसरलो," जयराम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आमी कुणालाच सांगत नाय," कुसाबाई म्हणाल्या. "सांगितलं की आपल्याच घराला नाव ठेवल्यासारखं व्हतं. दोनतीनदा लागलं की ज्याचं त्याला कळतं."

"मालतीवहिनींना?"

"तिला बी नाय सांगितलं."

"आणि त्यांना लागलं की?"

कुसाबाईंनी तोंडावरचा पदर काढला. म्हणाल्या, "त्यात राग नव्हता पोरी. हसायची रीतच हाय आमची."

"राग नव्हता हे त्यांना कसं कळणार? नवं घर, नवी माणसं, डोक्याला टेंगूळ, आणि सगळे हसतायत."

बाहेर कुणी गिऱ्हाईक "बैलाला म्होरकी हाय का?" असे विचारत होते.

"माझे वडील गार्ड आहेत," शशिकला डोके चोळत म्हणाली. "पुढं काय आहे ते आधी कळवायचं, एवढीच त्यांची नोकरी. झेंडीनं कळवा, शिट्टीनं कळवा, कंदिलानं कळवा. तुम्ही मला आधी सांगत जा, मावशी. वाकायचं माझं मी बघते. हसायचं असलं तर मागाहून सगळे मिळून हसू."

कुसाबाईंनी वाटीत तेल आणि हळद घेतली आणि तिच्या टेंगळाला लावली. ती बसलेली होती म्हणून त्यांचा हात पोचला. "लय मोठं नाय," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत बसंल." मग जयरामकडे वळून, "उभा काय राहिलास? गिऱ्हाईक बघ. आन्‌ येताना छापखान्यात जा. पत्रिकांचं सांगून ये."

त्याच दुपारी कुसाबाई एकट्या बसने नाशिकरोडला गेल्या. मालतीचे आणि त्यांचे काय बोलणे झाले ते दोघींनी कुणालाही सांगितले नाही. परत आल्यावर त्यांनी गोटीरामला एवढेच सांगितले, की मालतीच्या खोलीचे छत चांगले उंच आहे आणि पंख्याचा वारा छान लागतो.

पुढच्या रविवारी धोंडीरामबरोबर मालती आली. ती दारात वाकली, आत आली, आणि पाण्याचा पेलाही न घेता दुकानातल्या गोंड्यांचा जुडगा तिने मागितला. लाल, पिवळे, हिरवे, पोळ्याला बैलांच्या शिंगांना बांधतात ते. मग ती घरभर फिरली आणि जिथे जिथे डोके आपटते तिथे तिथे तिने एक एक गोंडा बांधला, असा की दगड लागायच्या आधी केसांना लोकर लागावी. पट्टीला, झडपेला, तुळईला. या तीन जागा कुसाबाईंना ठाऊक होत्या. मालतीने अकरा गोंडे बांधले.

"हिथं बी लागतं?" माडीवरच्या कोनाड्यापाशी कुसाबाईंनी विचारले.

"केस विंचरून उठलं की," मालती म्हणाली. "तुम्हाला कसं कळणार? तुम्ही सव्वापाच."

नाशिकरोडपर्यंत ती बातमी पोचली होती तर. कुसाबाई हसल्या. मालतीने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिले आणि मग तीही हसली, पण थोडेच. सगळे एका रविवारात होत नाही.

लग्न मनमाडला झाले. वैशाखाचे ऊन उतरता उतरता वऱ्हाड नाशिकला आले आणि वरात वाजतगाजत गल्लीत शिरली. नऊही ओटे माणसांनी भरले होते. पावणेसहा फुटांची नवरी पाच फूट चार इंचांच्या दारातून कशी जाते, हे पाहायला शेजारच्या गल्लीतलेही लोक आले होते. गोटीरामने त्या दिवशी चहा फुकट दिला. चव नेहमीचीच होती.

उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवले होते. कुसाबाई आत ओवाळायला उभ्या होत्या. मालती दाराच्या एका बाजूला ओट्यावर उभी होती. तिने हात वर करून तळवा गणेशपट्टीच्या खालच्या कडेला लावून धरला होता, नवरीचे डोके लागलेच तर दगडाला न लागता हाताला लागावे म्हणून. ते तिला कुणी सांगितले नव्हते.

"डोकं!" कुसाबाई आतून ओरडल्या.

"डोकं!" मालती म्हणाली.

"डोकं!" सगळी ओळ ओरडली. वाजंत्रीवाले दचकून थांबले.

शशिकला वाकली. मुंडावळ्या हाताने सावरत तिने पायाने माप लवंडले आणि ती आत गेली. मालतीच्या हाताला तिचा केससुद्धा लागला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिच्यामागून जयराम निघाला. जन्मापासून तो या दारातून ताठ मानेने जात आला होता. दगड आणि त्याचे डोके यांच्यामध्ये नेहमी बोटभर जागा उरत असे. आज डोक्यावर भगवा फेटा होता, चांगला वीतभर उंच, तुरा वेगळाच. ओळीतली प्रत्येक नजर इतका वेळ नवरीच्या डोक्यावर होती. नवरदेवाच्या डोक्याचा विचार कुणी केला नव्हता, त्याने स्वतःही नाही.

फेटा मालतीच्या बोटांवर आदळला, मागे उडाला, ओट्यावर पडला आणि तिथून गल्लीत. गल्लीला उतार आहे. फेटा गडगडत निघाला आणि गडगडताना उलगडत गेला. दुसरे दार, तिसरे दार, चौथे दार, काळ्या दगडाच्या कडेने भगवी पट्टी लांबत चालली. पाचव्या घराशी गोटीरामने पायाने अडवून तो धरला, तेव्हा त्याचे दुसरे टोक अजून जयरामच्या पायाशी होते. जयराम बोडक्या डोक्याने उंबऱ्यात उभा होता.

कुणी हसले नाही. कुणाला लागले की आधी हसायचे नाही, हा शशिकलाचा नियम महिनाभर सगळ्या ओळीने कडक पाळला होता. माणसे ओठ दाबून एकमेकांकडे पाहत राहिली. वाजंत्रीवाल्यांनीही सनई खाली धरली.

तेवढ्यात आतून नव्या सुनेचा आवाज आला.

"अहो, यांना पण कुणीतरी सांगायला पाहिजे होतं ना!"

सर्वांत आधी मालती हसली.